पार्किंगमधला उंबर: दत्ताचं झाड म्हणजे नक्की काय?

गच्चीवरची
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. आमची सोसायटी पुण्यातली, जुनी. पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात भलामोठा उंबर आहे, कोणी लावलेला नाही, भिंतीपाशी आपला आपण आला म्हणतात. आता गाड्या वाढल्यात, पार्किंग वाढवायचंय, त्यामुळे झाडावर गदा आलीय. एक पार्टी म्हणते तोडा, गाड्यांवर उंबरं पडून चिकचिकाट होतो, चिलटं होतात, रात्री वटवाघळं येतात आणि कंपाउंडची भिंत फुगलीय. दुसरी पार्टी म्हणते औदुंबर आहे, हात लावाल तर वाटोळं होईल, मग कुणाच्या तरी मामांनी तोडला आणि त्यांचं काय झालं ते सुरू होतं. मी मीटिंगमध्ये विचारलं की अहो पण या झाडात आहे काय एवढं, तर उत्तर मिळालं "दत्ताचं झाड आहे". बरं, मग? तर मग काही नाही, चहा आला.

माझं म्हणाल तर मला ते झाड आवडतं. फळं फांदीच्या टोकाला न लागता थेट खोडालाच घोसाघोसाने लागतात ते बघताना दर वेळी गंमत वाटते. पण "आवडतं" हे मीटिंगमध्ये चालत नाही. आणि शाप-बिप सांगून कोणाला घाबरवायचं मला पटत नाही. तर भीती बाजूला ठेवून कोणी सांगेल का, या झाडाला आपल्याकडे एवढं का मानतात?

कृष्णाकाठ
ताई, मी कुरुंदवाडच्या बाजूचा, त्यामुळे बायस्ड आहे हे आधीच सांगतो.

आमच्याकडे औदुंबर म्हणजे आधी वाडी, नरसोबाची वाडी. कृष्णा-पंचगंगेचा संगम. दत्ताचा अवतार मानले जाणारे नृसिंह सरस्वती तिथे १२ वर्षं राहिले असं मानतात, त्याच्या आधी एक चातुर्मास भिलवडीच्या समोरच्या काठाला, त्या गावाचं नावच औदुंबर, आणि शेवटी गाणगापूर. वाडीला तुम्ही गेला असाल तर आठवा, गाभाऱ्यात मूर्ती नाही, पादुका आहेत, मनोहर पादुका. औदुंबराला विमल पादुका आणि गाणगापूरला निर्गुण पादुका. म्हणजे गुरू निघून गेलेत, पाऊल ठेवलंय, आणि सावलीला झाड ठेवलंय. वाडीहून निघताना लोक रडायला लागले तेव्हा मी या औदुंबरात आहेच, असं त्यांनी सांगितल्याची श्रद्धा आहे. म्हणून आमच्याकडची म्हातारी माणसं झाडाला "ते" म्हणतात, "त्यांना पाणी घातलं का" असं.

आता गोष्ट. गुरुचरित्राच्या १९व्या अध्यायात आहे. नरसिंहाने हिरण्यकश्यपूचं पोट फाडलं तर त्याच्या पोटातलं विष नखांना लागलं आणि नखांची आग आग व्हायला लागली. देवाची, बरं का. लक्ष्मीने औदुंबराची फळं आणली, नरसिंहाने नखं त्या फळांत रोवली आणि आग शांत झाली. मग त्या झाडाला वर दिला की तुला सदा फळं येतील, तुला कल्पवृक्ष म्हणतील आणि मी लक्ष्मीसह इथे राहीन.

तुमच्या मीटिंगमधल्या शापवाल्यांना हेच सांगा की या गोष्टीत झाड कोणाला जाळत नाही, जळणाऱ्याला गार करतं. देवाला सुद्धा राग आवरल्यावर हात थंड करायला जागा लागली, ती हे झाड. मला तरी यातला अध्यात्माचा भाग एवढाच कळतो आणि तो पुरतो. दुष्टाला मारणं बरोबरच होतं, पण बरोबर असलं तरी विष नखाला लागतंच.

पावसाळ्यात कृष्णेला पूर आला की पाणी देवळात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि लोक त्यात आंघोळ करायला धावतात. घरात पाणी शिरायच्या बेतात असतं आणि इकडे सोहळा. २०१९ ला मात्र सोहळा-बिहळा राहिला बाजूला, गावंच्या गावं पाण्यात होती.

बंड्या_कट्ट्यावरचा
गाडीला कव्हर घाला. विषय संपला. 😀

गच्चीवरची
@बंड्या कव्हर आहे, कव्हर धुवायला कोण येणार तुम्ही?
@कृष्णाकाठ दादा, नखांची गोष्ट लहानपणी ऐकली होती, पण अशी नाही. "जळणाऱ्याला गार करतं" हे मी मीटिंगमध्ये चोरणार आहे.

सुप्रभात_मंडळ
औदुंबर २४ तास ऑक्सिजन देतो म्हणून ऋषीमुनींनी त्याला पवित्र मानले. आपले पूर्वज शास्त्रज्ञ होते. 🙏🙏

रानभुली
काका, नाही हो. प्रकाश नसताना कुठलंच हिरवं पान त्या पद्धतीने ऑक्सिजन सोडत नाही, उंबर पण नाही, पिंपळ पण नाही, रात्री झाडं आपल्यासारखाच श्वास घेतात. त्या फॉरवर्डची गरजच नाहीये, कारण उंबरात खरोखर जे चालतं ते त्याच्यापेक्षा शंभरपट अजब आहे. बसा, सांगते.

उंबर म्हणजे फायकस रेसिमोजा, वड-पिंपळ-अंजिराच्या घरातला. आपण ज्याला फळ म्हणतो ती बंद पिशवी असते आणि फुलं त्या पिशवीच्या आतल्या बाजूला असतात, शेकड्यांनी, बारीक. म्हणून उंबराचं फूल कोणाला दिसत नाही, ते फुलतं, पण आतल्या आत, अंधारात. आता बंद खोलीत परागीभवन करणार कोण? तर एक चिलटाएवढी गांधीलमाशी असते, जेमतेम दोन मिलिमीटर, सेराटोसोलेन फ्युसिसेप्स नावाची. पिशवीच्या तोंडाला खवल्यांनी बंद केलेलं भोक असतं, त्यातून मादी आत घुसते, घुसताना पंख तुटतात, म्हणजे परत बाहेर यायचा प्रश्नच मिटला. आत ती दुसऱ्या झाडावरून आणलेला पराग टाकते, काही फुलांमध्ये अंडी घालते आणि तिथेच मरते. ज्यांच्यात अंडी पडली त्यांच्यात पुढची पिढी वाढते, बाकीच्यांचं बी होतं. काही आठवड्यांनी नर आधी त्या फुलांतून बाहेर येतात, त्यांना पंखच नसतात, बहुतेक आंधळेच म्हणा, ते माद्यांशी मीलन करतात, उंबराच्या भिंतीला बोगदा पाडतात आणि मरतात. त्यांनी पाडलेल्या भोकातून माद्या पराग घेऊन उडतात. बाहेरचं आयुष्य म्हणाल तर दिवसभराचं, फार तर थोडं जास्त. तेवढ्यात वाऱ्यावर तरंगत, वासावरून दुसरा उंबर शोधायचा, आणि दुसराच लागतो, कारण एका झाडावरची उंबरं साधारण एकाच वेळी एकाच अवस्थेत असतात, आपल्या झाडावर परत जाऊन उपयोग नसतो.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेने बोर्जेस यांच्या गटाने याच आपल्या उंबरावर वर्षानुवर्षं काम केलंय. आत फक्त उपयोगी गांधीलमाशीच नसते, फुकट खाणाऱ्या दुसऱ्या जातीच्या गांधीलमाश्या असतात, त्या बाहेरूनच लांब सुई खुपसून अंडी घालतात, या माश्यांच्या अंगावरून प्रवास करणारे सूक्ष्म जंत असतात, शिवाय झाडावर मुंग्या, ज्या या सगळ्यांवर टपलेल्या. एक उंबर म्हणजे अख्खी चाळ आहे.

आणि प्राचीन म्हणायचं तर हे बघा, अंजीरकुळ आणि या गांधीलमाश्यांची भागीदारी सात-साडेसात कोटी वर्षांची धरतात. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्ह्याचा झाला तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे हा करार सिंहगडाच्या दगडाच्या आधीचा आहे, तुमची कंपाउंडची भिंत तर सोडाच.

@कृष्णाकाठ "सदा फळं येतील" हे अगदी खरंय. उंबराला वर्षातून अनेकदा बहर येतो आणि प्रत्येक झाडाचं वेळापत्रक वेगळं. त्यामुळे कडक उन्हाळ्यात जंगलात बाकी काही नसतं तेव्हा कुठला ना कुठला उंबर पिकलेला असतोच. हरियाल, तांबट, कोकीळ, धनेश, माकडं, खारी, वटवाघळं, खाली पडलेल्यावर भेकर नि साळिंदर. गच्चीवरची ताई, तुमच्याकडे पहाटे बघा, पुण्यात राखी धनेश बऱ्याच ठिकाणी दिसतात आणि पिकलेला उंबर ते चुकवत नाहीत. हरियाल तर आपला राज्यपक्षी. हिरव्या पानात हिरवा पक्षी, थवा उडेपर्यंत कळत नाही तिथे कोणी होतं.

गच्चीवरची
बापरे. म्हणजे धनेश येतो तो यासाठी! मला वाटायचं चुकून येतो.
पण एक शंका, मग उंबर खाल्लं तर मांसाहार झाला का? 😅 लहानपणी आम्ही फोडून, फुंकर मारून खायचो.

वीरसेवक
याचं उत्तर आमच्याकडे फार आधी देऊन ठेवलंय. 🙂 मी सांगलीचा, दिगंबर जैन. आमच्यात श्रावकाचे आठ मूलगुण सांगतात, मद्य, मांस, मध सोडायचं आणि त्यांच्या जोडीला पाच उदुंबर सोडायचे, म्हणजे वड, पिंपळ, पाकर, उंबर आणि काळा उंबर यांची फळं. मद्य-मांसाच्या रांगेत उंबर बसवलंय बघा! कारण एकच, आत त्रस जीव आहेत, हलणारे-चालणारे. भिंग नव्हतं तेव्हा कोणीतरी उंबर फोडून नीट बघितलंय आणि म्हटलंय की हे फळ नव्हे, ही कोणाचीतरी वस्ती आहे, इथे आपण दात लावायचा नाही.

मला गंमत वाटते ती ही की आमच्या घरापासून औदुंबर गाव तासाभरावर. शेजारचे काका गुरुवारी प्रदक्षिणा घालायला जातात, आमची आजी त्याच झाडाचं फळ ताटाजवळ येऊ देत नाही. झाड एकच. दोघंही त्याला जपतात, एक देव आहे म्हणून आणि एक जीव आहेत म्हणून. भांडण कधी झालं नाही. आजी तर काकांबरोबर एकदा औदुंबरला जाऊन सावलीत बसूनही आली, "सावलीत काय पाप" म्हणाली.

नागसेनवन
धागा वाचून राहवलं नाही. बौद्ध परंपरेतही उदुंबर मोठा आहे. आपल्याला पिंपळ तेवढा माहीत असतो, कारण गौतम बुद्धांना बोधी पिंपळाखाली. पण आधीचे बुद्ध मानले जातात त्यांचे बोधिवृक्ष वेगवेगळे आहेत, कश्यपाचा वड, ककुसंधाचा शिरीष आणि कोणागमनाचा उंबर. कोणागमन म्हणजेच कनकमुनी, त्यांचा स्तूप सम्राट अशोकाने वाढवून घेतला तसं निगाली सागरच्या स्तंभावर कोरलंय, नेपाळमध्ये.

आणि रानभुली म्हणाल्या ना फूल दिसत नाही, त्याच्यावर सुत्तनिपात या जुन्या बौद्ध ग्रंथाच्या अगदी पहिल्या सुत्तात दाखला आहे. उंबराच्या झाडात फूल शोधणाऱ्याला जसं ते सापडत नाही, तसं ज्याला या सगळ्या होण्या-असण्यात कुठे सार सापडत नाही, तो भिक्खू साप कात टाकतो तसा अलीकडचं-पलीकडचं दोन्ही सोडतो. मला हे फार भिडतं. बाकीचे लोक न दिसणाऱ्या फुलाला चमत्कार करून टाकतात, महायानात तर ते तीन हजार वर्षांतून एकदा फुलतं असं सांगतात, बुद्ध भेटणं तितकंच दुर्मिळ म्हणून. जुन्या सुत्तात चमत्कार नाही. शोधलं, नाही मिळालं, ठीक आहे, पुढे चला.

रानभुली
@नागसेनवन वा! पण वनस्पतीशास्त्रवाली म्हणून एवढं बोलणारच की फूल तिथे आहे हो, शेकडो आहेत, शोधणारा बाहेरून बघतोय.

नागसेनवन
त्यावर पण एखादं सुत्त असेल 🙂 मला माहीत असलेल्यात नाही.

मुद्द्याचं_बोला
सगळं छान आहे, पण सगळेजण धर्माच्या मागून निघालेत. माझ्या मते आधी पोट आणि पाणी, देव नंतर आला. उंबर हे पाण्याची खूण सांगणारं झाड आहे, सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत जमिनीतलं पाणी शोधायचं प्रकरण लिहिलं त्यात उंबर येतो. आमच्या गावाकडचे पाणाडे आजही नारळ-काठी फिरवायच्या आधी उंबर कुठे दिसतोय ते बघतात. ओढ्याकाठी, विहिरीच्या कडेला, हे झाड उगाच नसतं. उन्हाळ्यात मुळीला छेद देऊन खाली मडकं लावून रात्रभर पाणी धरायचे, गोवर-कांजिण्या झालेल्या पोराला द्यायचे, अंगातली उष्णता कमी व्हावी म्हणून. ते औषध म्हणून कितपत चालतं यात मी पडत नाही, डॉक्टरकडे जा. पण नरसिंहाच्या नखांची आग उंबराने विझवली ही गोष्ट ज्याने रचली त्याने घरात कोणाच्या तरी अंगाची आग उंबराच्या पाण्याने उतरवलेली बघितली असणार. पाणी देणारं, बारमाही फळ देणारं झाड तोडू नये हे सांगायला दत्तासारखा वॉचमन कुठे मिळणार?

बाय द वे ताई, पार्किंगमध्ये एवढा जोमाने वाढलाय तर खाली कुठेतरी ड्रेनेजची किंवा पाण्याची लाइन गळत असेल, ती पण बघून घ्या.

कृष्णाकाठ
@मुद्द्याचं_बोला तुमचं पाण्याचं पटलं, वॉचमनचं नाही पटलं. माणसं पारायणाला सात दिवस झाडाखाली बसतात ती विहीर खणायला बसत नाहीत ना दादा. उपयोग होता म्हणून देव चिकटवला असं असतं तर बोरवेलची पण आरती झाली असती.

मुद्द्याचं_बोला
आमच्याकडे झालीय. पाणी लागल्यावर नारळ, हार, पेढे सगळं. 😂

कृष्णाकाठ
बरं, तो एक मुद्दा तुमचा.

पोथीवाला
वैदिक बाजू राहिली म्हणून थोडक्यात. सोमयागात सदस् नावाच्या मांडवात मधोमध उंबराचा खांब रोवतात, औदुंबरी, यजमानाच्या उंचीचा, आणि सामगायक त्याला हात लावून गातात. राजाच्या अभिषेकाचं आसन उंबराचं. अजूनही नवग्रहांच्या होमात शुक्राची समिधा उंबराची आणि नक्षत्रवृक्षांत कृत्तिकेचा उंबर. या सगळ्यामागे एकच कल्पना पुन्हा पुन्हा येते, उंबर म्हणजे ऊर्ज, अन्नातलं बळ.

पण माझं आवडतं ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथातलं. हरिश्चंद्राचा मुलगा रोहित, बापाने त्याला वरुणाला बळी द्यायचं कबूल केलेलं, म्हणून तो रानात पळालाय. दर वर्षी घरी परत जायला निघतो आणि इंद्र ब्राह्मणाच्या वेषात येऊन सांगतो, थांबू नकोस, चालत राहा. त्यात एकदा तो म्हणतो की चालणाऱ्याला मध मिळतो, चालणाऱ्याला गोड उंबर मिळतं. घरी मरण वाट बघतंय अशा पोराला धीर द्यायला स्वर्ग-बिर्ग काही नाही, रस्त्यात उंबर मिळेल एवढंच. ते लिहिणाऱ्याने रानात भुकेलं असताना उंबर खाल्लं होतं, पोथीत बसून हे सुचत नाही. (इथे मी मुद्द्याचं_बोला यांच्या बाजूला चाललोय असं दिसतंय, पण तसं नाही.)

झाडं_आणि_कायदा
आता जरा जमिनीवर या सगळे. ताई, मीटिंगमध्ये ठराव करून झाड तोडता येत नाही. महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातला वृक्षसंरक्षणाचा कायदा १९७५ चा आहे, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, फांद्या छाटायला सुद्धा अर्ज करायचा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज धरतात, त्याचे नियम अजून कडक, त्यामुळे वय किती ते आधी काढा. तोडा-पार्टीला हे शांतपणे सांगा, शापापेक्षा दंडाची भीती पटकन कळते.

भिंतीचं म्हणाल तर वडासारखा हा पारंब्या सोडून इमारत गिळत नाही, पण मुळं जाड असतात आणि ओलाव्याकडे धावतात. भिंत तेवढ्या तुकड्यात मोडून खाली बीम टाकून मुळाला वाट ठेवता येते, इंजिनिअरला दाखवा. बुंध्याभोवती काँक्रीट असेल तर निदान दीड-दोन मीटर फोडून माती मोकळी करा. आणि झाडाखालच्या दोन जागा गाड्यांना न देता टू-व्हीलर किंवा बाकडं. फळं आठवडाभर जोरात पडतात, तेवढ्या दिवसांत रोज झाडलोट केली की चिलटं होत नाहीत. चिलटं सडलेल्या फळावर होतात, झाडावर नाही.

गच्चीवरची
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी परत मीटिंग आहे. वयाचं बघते, जुन्या मेंबरांकडे बिल्डिंगच्या भूमिपूजनाचे फोटो आहेत म्हणे, त्यात झाड दिसतं का ते कळेल. लाइन गळण्याचं प्लंबरला सांगितलं, तो म्हणाला "तिथे ओल असतेच मॅडम", म्हणजे झालं.

आज सकाळी मुद्दाम खाली जाऊन बघितलं. पिकलेल्या उंबरांना खरंच बारीक भोकं आहेत, टाचणीने पाडल्यासारखी. मुलाला दाखवलं तर त्याने पहिला प्रश्न विचारला की नर बोगदा पाडतात मग स्वतः का नाही जात बाहेर. रानभुली, याचं उत्तर तुम्हीच द्या.

आणि तोडा-पार्टीतले एक काका माझ्या मागे उभे राहून बघत होते. काही बोलले नाहीत, पण गाडी दुसरीकडे लावली. सध्या एवढंच.

रानभुली
मुलाला सांगा, पंखच नाहीत तर बाहेर जाऊन करणार काय. काही नर बोगद्यातून बाहेर येऊन पडतातही, आणि लगेच मुंग्या उचलतात. नीट बघायचं असेल तर एक अर्धवट पिकलेलं, लालसर पण अजून भोक न पडलेलं उंबर काचेच्या बाटलीत घालून तोंडाला पातळ फडकं बांधा, सावलीत ठेवा. एक-दोन दिवसांत माद्या बाहेर येताना दिसतील, मग फडकं काढून झाडाखालीच सोडून द्या. भिंग असलं तर उत्तम.

वीरसेवक
आणि बाटलीतलं उंबर नंतर खाऊ नका. 🙂

बंड्या_कट्ट्यावरचा
एक सिरीयस प्रश्न. कोवळ्या उंबरांची भाजी करतात ना, ती कशी करायची कोणाला माहितीय? आमच्याकडे पण एक झाड आहे.

पोथीवाला
नवा धागा काढा, पाककृती विभागात. इथे वीरसेवक आहेत.